दीडशे पौंडांत ळ

बजेट दीडशे पौंड. त्यात बसवायचं होतं
माइक, इंटरफेस, हेडफोन, केबल,
आणि जमलंच तर थोडं धाडस.

स्वान्सीच्या दुकानातला पोरगा भला होता.
म्हणाला, हा कंडेन्सर घ्या, याला सगळं ऐकू येतं.
सगळं म्हणजे?
सगळं.
मी मनातल्या मनात घर फिरून आले:
फ्रिजची कुरकुर, छपरावरचे सीगल,
पलीकडच्या मिसेस प्रोबर्टचा पहाटेचा खोकला,
बॉयलर पेटताना निघणारा हुंदका,
आणि दाराआडून गॅरेथचं, "चहा टाकू?"
नको, म्हटलं. इतकं ऐकणारं कुणी
घरात नकोय मला. परवडणारही नाही.

पोस्ट ऑफिसच्या काचेवर चिठ्ठी होती:
'रेकॉर्डिंगचं सामान. कान गेले. विकणे आहे.'
टाउनहिलचा चढ, धाप, निळं दार, एम्रिस बायनन.
चाळीस वर्षं चॅपलमधलं गाणं टेपवर उतरवणारा माणूस
आता केटल उकळल्याचं वाफेवरून ओळखत होता.

त्यानं टेबलावर डायनॅमिक माइक ठेवला.
जाळीला पोचा, जुन्या तांब्याला असतो तसा.
हा लांबचं ऐकत नाही, म्हणाला. तोंड जवळ न्या, तरच.
माझ्यासारखाच.
मी म्हटलं चाळीस. तो म्हणाला पन्नास.
मी भाजीवालीसमोर टाकते तसा उसासा टाकला,
त्याला तो ऐकू आला नाही, पण खांदे पडलेले दिसले.
पंचेचाळीस.
इंटरफेस अडतीस. भोकं दोन, मला लागणार एक.
असू दे दुसरं, पंगतीत एक पान जादा मांडावं तसं.
हेडफोन बावीस, एका कानाची गादी उसवलेली.
केबल फुकट, पण ती आठाच्या आकड्यात कशी गुंडाळायची
ते त्यानं तीन वेळा करून दाखवलं
आणि चौथ्यांदा माझ्याकडून करून घेतलं.

कशासाठी हवंय हे?
दुकानात मी पॉडकास्ट म्हणाले होते. सोपं पडतं.
इथं खोटंसुद्धा ओरडून बोलावं लागलं असतं.
कागद घेतला आणि मोठ्ठं अक्षर काढलं: ळ.

नेस्टा माझी, पाच वर्षांची.
उन्हाळ्याचा उन्हाला करते, जांभळ्याचा जांभला.
केळं हवं असलं की "आई, केलं" म्हणते,
काय केलं, विचारते मी, आणि ती चिडते.
घरात ळ म्हणणारी मी एकटी.
दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांशी इंग्रजी,
हळूहळू माझीही जीभ आळसावतेय.

हे सगळं काही मी लिहिलं नाही. फक्त अक्षर.
म्हण, म्हणाला तो. मी म्हटलं.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मग हिरव्या दिव्याकडे,
दिवा जरा हलला, तसा तो मान डोलावून हसला.
मग त्यानं त्याचं दिलं, त्याच्या गावच्या नावातलं:
जीभ ल-ला टेकवायची, गळा बंद ठेवायचा,
आणि कडेनं नुसता वारा सोडायचा,
सायकल पंक्चर झाल्यागत.
मी प्रयत्न केला. थुंकी उडाली. माइकवर.
त्यानं बाहीनं पुसला. तोच पोचा, तीच बाही.

आता कपाटात कोटांच्या मधे बसलोय आम्ही दोघी.
टेबललॅम्पचा दांडा, त्याला चिकटपट्टीनं माइक,
पुढं भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना मोजा.
पंचेचाळीस पौंड उरले, ते कुणालाच सांगितले नाहीत.
नेस्टाला एम्रिसचा आवाज ऐकवला, लॅपटॉपमधला, 'टेस्ट १'.
तिनं तो पंक्चरचा वारा पहिल्या फटक्यात सोडला,
शाळा वेल्श आहे तिची, त्यात काय एवढं.

आता माझं, म्हटलं. फळ. मूळ. ओंजळ.
फल, मूल, ओंजल.
जीभ मागे वळव गं. अजून. टाळूला खाजव.
वीस मिनिटं. घाम. हँगरचा खणखणाट.
राहू दे आज, चल, सेव्ह केलं.

"सेव्ह केळं," ती म्हणाली
कोटांच्या अंधारातून,
स्वच्छ.